गल्लीतला खासगी रस्ता पालिकेकडे सोपवायचा असेल तर

मुंबईत मालमत्ता कराच्या बिलात रस्त्यासाठीचा कर वेगळ्या ओळीत लावलेला असतो. त्यामुळे सोसायटीसमोरचा रस्ता उखडला की कमिटीच्या बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं: "कर भरतो ना आपण, मग पालिका काय करतेय?" अध्यक्ष अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात जातात. तिथला अभियंता नकाशा बघतो आणि सांगतो, "हा रस्ता आमच्याकडे नाही, लेआऊटचा आहे." सगळे चिडून घरी येतात, पाऊस संपतो आणि विषय पुढच्या जूनपर्यंत पडून राहतो.

अभियंत्याचं उत्तर बहुतेक वेळा खरं असतं: रस्ता लेआऊटचा, म्हणजे प्लॉट पाडताना जमीनमालकाने किंवा बिल्डरने आखलेला, खासगी असतो. तो कर शहरभरातल्या रस्त्यांसाठी आहे. तो भरल्याने दारातला रस्ता पालिकेचा होत नाही. पण तो पालिकेचा करून घेता येतो. कायद्यात त्याची सोय आहे. काम किचकट असलं तरी त्याला एक क्रम आहे आणि तो चुकला की वर्षं वाया जातात. जे नुकतेच कमिटीवर निवडून आले आहेत, ज्यांच्या हातात जुन्या सेक्रेटरींनी नुसती एक जाड फाईल ठेवली आहे, त्यांच्यासाठी तो क्रम इथे मांडला आहे.

वहिवाट असली म्हणून रस्ता पालिकेचा होत नाही

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये रस्त्याची व्याख्या ऐसपैस आहे. गल्ली, बोळ, चौक, पायवाट, पूल सगळं तिच्यात येतं, मग ते आरपार जात असो वा नसो. लोकांना तिथून जाण्यायेण्याचा हक्क असला किंवा वीस वर्षं अखंड वहिवाट असली की तो रस्ता झाला. सार्वजनिक रस्ता मात्र वेगळा. जो सार्वजनिक नाही तो खासगी, इतकी सरळ वाटणी कायद्याने केली आहे. म्हणून गल्लीतून रोज शाळेच्या बस, रिक्षा, भाजीच्या गाड्या जात असल्या तरी कागदावर ती खासगीच असू शकते. निवडणुकीच्या आधी कोणी डांबराचा थर टाकून गेलं, कोपऱ्यावर नावाची पाटी लागली, कचऱ्याची गाडी नेमाने येते, यातल्या एकाही गोष्टीवर मालकी ठरत नाही. उलट बाजूनेही पाहा: "खासगी रस्ता, हा आम रस्ता नाही" अशी पाटी ठोकली म्हणून वर्षानुवर्षं जाणाऱ्यांचा हक्क बुडतो असं नाही.

दादरच्या हिंदू कॉलनीत ही अडचण कोणाला फारशी माहीत नसते, आणि बोरिवली-मुलुंडकडे मात्र गल्लोगल्ली असते. याचं कारण इतिहासात आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. दादर-माटुंग्याची आखणी करताना त्याने रस्ते स्वतः आखले आणि मग प्लॉट दिले. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला आणि ते रस्तेही पालिकेकडे आले. उपनगरं मात्र १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत बृहन्मुंबईत आली. तिथे जमीनमालकांनी आपापल्या वाड्या आणि शेतांचे प्लॉट पाडून विकले, पुढे बिल्डरांनी लेआऊट मंजूर करून घेऊन इमारती उठवल्या. प्लॉट विकले गेले, फ्लॅट विकले गेले, पण मधली रस्त्याची पट्टी विकत घ्यायला कोणाला कारण नव्हतं. ती मूळ मालकाच्या नावावर राहिली. तो मालक आज हयात नसतो आणि वारस तीन शहरांत विखुरलेले असतात. तुमच्या कामातली खरी गाठ हीच आहे.

पहिलं काम: पट्टी कोणाच्या नावावर आहे ते शोधा

सुरुवात सिटी सर्व्हेपासून करा. उपनगरांत जमिनीला सीटीएस नंबर असतो, शहर भागात सीएस नंबर. तुमच्या इमारतीच्या प्लॉटचा नंबर सोसायटीच्या कागदांत सापडेल, पण तुम्हाला रस्त्याच्या पट्टीचा हवा आहे. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयातून नकाशाचा उतारा घ्या आणि पट्टीवर कोणता नंबर पडलाय ते बघा. कधी तो स्वतंत्र असतो, कधी पट्टी दोन-तीन प्लॉटमध्ये विभागलेली असते, आणि कधी तर अर्धा रस्ता तुमच्याच सोसायटीच्या प्लॉटमध्ये मोजलेला निघतो. मग त्या प्रत्येक नंबरचं मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर ते डिजिटल सहीसह मिळतं. धारकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दुसरा कागद पालिकेच्या विकास नियोजन खात्याचा, ज्याला सगळे डीपी रिमार्क म्हणतात. तो ऑनलाइन अर्ज करून मिळतो. तुमचा रस्ता विकास आराखड्यात डीपी रोड म्हणून दाखवलेला असेल तर तुमची वाटच बदलते. तो आरक्षित रस्ता असतो, त्याची जमीन पालिका संपादनाने किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन घेते. तसं असेल तर खाली सांगितलेली प्रक्रिया बाजूला ठेवा आणि मालकाला जमीन पालिकेकडे सोपवण्यासाठी गाठा. रस्त्याची नियमित रेषा (रस्त्याची ठरवून दिलेली हद्द) ठरलेली आहे का, हेही रस्ते खात्याच्या रिमार्कमधून कळतं.

तिसरा कागद मंजूर लेआऊटचा. तो इमारत प्रस्ताव खात्यात असतो. नकाशाबरोबर मंजुरीच्या अटींचं पत्रही मागा, कारण नकाशापेक्षा ते पत्र जास्त कामाचं आहे. अंतर्गत रस्ते, गटारं, दिवे विकासकाने स्वखर्चाने करावेत, रस्ते पालिकेकडे सोपवावेत, अशा अटी त्यात असू शकतात. अशी अट लिहिलेली असेल आणि बिल्डरने पाळली नसेल, तर खर्च सोसायट्यांनी का उचलावा हा प्रश्न तुम्ही लेखी विचारू शकता. बिल्डर अजून त्याच भागात प्रकल्प करत असेल तर त्याच्यावर दबाव आणणंही सोपं जातं.

कागद सहज मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. प्रश्न मोघम ठेवू नका. "आमच्या रस्त्याची माहिती द्यावी" असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. हा रस्ता वॉर्डच्या रस्त्यांच्या यादीत आहे का, पालिका अधिनियमाच्या कलम ३०६ खाली तो कधी सार्वजनिक जाहीर झाला आहे का, असल्यास त्या नोटिशीची प्रत, त्यावर पालिकेने कधी खर्च केला असल्यास कोणत्या कामावर, असे चार नेमके प्रश्न विचारा. कधी कधी उत्तर येतं की रस्ता पूर्वीच जाहीर झाला आहे, फक्त वॉर्डला ठाऊक नाही. तेव्हा उरलेलं सगळं काम वाचतं.

म्हाडा वसाहतीत राहणाऱ्यांनी इथेच थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. कन्नमवार नगर, पंत नगर, चारकोप, गोराई अशा वसाहतींत लेआऊट म्हाडाचा आहे. तिथल्या रस्त्याबद्दल सोसायटीने पालिकेकडे मालक म्हणून अर्ज करून उपयोग नाही. आधी म्हाडाच्या मुंबई मंडळाकडून लेखी घ्या की तुमचा रस्ता पालिकेकडे हस्तांतरित झाला आहे की नाही. झाला असेल तर ते पत्र घेऊन वॉर्डमध्ये जा. नसेल तर तुमचा पाठपुरावा म्हाडाशी आहे, आणि तो एकट्या सोसायटीने करण्यापेक्षा वसाहतीच्या महासंघाने केलेला बरा.

सगळ्यांना विचारा, आणि काय जाणार आहे ते आधी सांगा

सर्वसाधारण सभेत हा विषय "खड्डे कायमचे जाणार" एवढ्यावर मंजूर करून घेऊ नका. नंतर भांडणं होतात. रस्ता सार्वजनिक झाला की कलम २८९ प्रमाणे तो महानगरपालिकेकडे निहित होतो आणि आयुक्तांच्या नियंत्रणात जातो. याचा रोजच्या जगण्यातला अर्थ लोकांना मोकळेपणाने सांगा. गल्लीच्या तोंडाशी असलेलं फाटक काढावं लागेल. रात्री अकरानंतर वॉचमन बाहेरच्या गाड्या अडवू शकणार नाही. ज्याने दहा वर्षं एकाच खांबाखाली गाडी लावली त्याची जागा त्याची राहणार नाही. रस्त्यावर आलेले ओटे, शेड, कुंड्या पालिका हटवू शकते. त्यासाठी कलम ३१४ मध्ये नोटीस न देताही कारवाई करता येते. केबल आणि गॅसवाहिनी टाकणाऱ्या कंपन्यांना खोदाईची परवानगी पालिका देईल, तुम्ही नव्हे.

मिळतं काय तेही तितक्याच ठळकपणे सांगा. दुरुस्ती, सफाई, दिवाबत्ती, पावसाळी गटारांचा गाळ ही पालिकेची बंधनकारक कामं होतात. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात म्हटलं आहे. तो हक्क पालिकेकडे ठामपणे मागायचा तर रस्ता तिच्या यादीत असलेला केव्हाही बरा.

माझं मत विचाराल तर चार इमारतींची, पुढे भिंत असलेली गल्ली पालिकेकडे देण्यात फारसा अर्थ नाही. तिथे वर्गणी काढून नीट काँक्रीट करून घेतलं तर बरीच वर्षं बघावं लागत नाही, आणि फाटकही राहतं. पण तुमच्या गल्लीतून स्टेशनकडे, शाळेकडे, बाजाराकडे माणसं जात असतील, तर तो रस्ता आताच सगळ्यांचा झालेला आहे. त्याचा खर्च तीनशे कुटुंबांनी भरावा आणि शिव्याही त्यांनीच खाव्यात हे बरोबर नाही. असा रस्ता सोपवलाच पाहिजे.

पुनर्विकास डोळ्यासमोर असलेल्या सोसायट्यांनी सभेच्या आधी आर्किटेक्टला बसवून घ्यावं. रस्त्याखालची जमीन तुमच्या प्लॉटमध्ये मोजलेली असेल तर ती सोडल्याने एफएसआयचं, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचं, गणित बदलू शकतं. दुसरीकडे रस्त्याच्या रुंदीवर बरंच काही ठरतं. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरायला बंधनं येतात. म्हणून सोपवताना रुंदी किती दाखवली जाते, मोजणी कुठून कुठे होते, हे सहीपूर्वी तपासा. इथे घाई केलेली सोसायटी पुढे पस्तावते.

ठराव प्रत्येक सोसायटीचा स्वतंत्र हवा. रस्त्यालगत सात इमारती असतील तर सातही हव्यात, आणि त्यांत एखादा बंगला किंवा चाळ असेल तर तिच्या मालकाचं पत्रही. सगळ्यांच्या वतीने पत्रव्यवहार करायला दोन-तीन माणसांची संयुक्त समिती नेमा. सात सेक्रेटरी सात अर्ज घेऊन गेले की वॉर्डमध्ये कोणीच ऐकत नाही.

मालक

पत्रकावर सोसायटीचंच नाव असेल तर तुम्ही नशीबवान. बिल्डरचं असेल आणि सोसायटीला कन्व्हेयन्सच, म्हणजे जमिनीची मालकी नावावर करून देणारा दस्तच, मिळालेलं नसेल, तर मोफा या सदनिका मालकी कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) आधी करून घ्या. जिल्हा उपनिबंधकांकडे त्या अर्जात लेआऊटमधल्या रस्त्यावरचा अविभाज्य हिस्सा नमूद करायला विसरू नका. नुसता इमारतीखालचा प्लॉट मिळवून लोक खूश होतात आणि पट्टी पुन्हा बिल्डरकडेच राहते.

मूळ जमीनमालकाचं कुटुंब असेल तर घरी जाऊन भेटा. नोटीस पाठवून सुरुवात करू नका. त्या पट्टीतून त्यांना काही उत्पन्न नसतं, पण वकिलाचा कागद आला की त्यांना वाटतं जमिनीला किंमत आली. गल्लीतल्या एखाद्या जुन्या काकांना सोबत न्या, ज्यांनी या मालकांच्याच वडिलांकडून प्लॉट घेतला असेल. संमतीपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात.

कायदा मालकाच्या संमतीकडे कसा बघतो हे नीट समजून घ्या, कारण वॉर्डमध्ये हे कोणी समजावून सांगत नाही. कलम ३०६ प्रमाणे खासगी रस्ता सपाट केलेला, फरसबंदी किंवा खडीकरण झालेला, मलवाहिनी आणि गटारांनी सज्ज असा, आयुक्तांचं समाधान होईल इतका नीट झाला, की आयुक्त तो सार्वजनिक जाहीर करू शकतात. मालकाने किंवा मालकांपैकी एकाने विनंती केली, दिव्यांची सोय झालेली असली आणि त्या जमिनीचा सरकारी महसूल भरलेला असला, तर तो तसा जाहीर करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. जाहीर करण्याची नोटीस रस्त्यावर लावली जाते. त्यानंतर एक महिन्याच्या आत रस्त्याच्या किंवा त्याच्या मोठ्या भागाच्या मालकाने लेखी हरकत घेतली, तर तो रस्ता सार्वजनिक होत नाही. म्हणजे मालक सापडतच नसेल तरी वाट पूर्ण बंद नाही: आयुक्त स्वतःहून जाहीर करू शकतात, आणि हरकत लेखी आली तरच अडथळा. तरीही कार्यालय संमतीपत्र मागतंच, म्हणून मालकाला शोधण्याचे केलेले प्रयत्न, परत आलेली रजिस्टर पत्रं, सगळं जपून ठेवा.

महसुलाची अट बरेच जण विसरतात. उपनगरात त्या पट्टीवर अकृषिक कराची जुनी थकबाकी असू शकते. तहसीलदार कार्यालयातून तिचा आकडा काढून घ्या आणि भरल्याची पावती अर्जाला जोडा.

जमिनीखालचं आधी, वरचं नंतर

पालिका खड्ड्यांसकट रस्ता ताब्यात घेत नाही. तो आधी तिच्या पसंतीला उतरेल असा करावा लागतो, आणि बहुतेक मोहिमा याच टप्प्यावर दम तोडतात, कारण इथे पैसा लागतो.

कंत्राटदाराला बोलावण्याआधी वॉर्डमधल्या सहायक अभियंता (परिरक्षण) यांच्याकडून लेखी घ्या की किती रुंदी, किती थर, काँक्रीट की डांबर, पदपथ हवा की नको. तोंडी उत्तरावर काम सुरू करू नका, अधिकारी बदलतात. स्वस्त पडतं म्हणून अख्ख्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवून मग अर्ज करणं हा पैशांचा अपव्यय ठरू शकतो.

मग खाली काय आहे ते बघा. लेआऊटमधली मलवाहिनी बिल्डरने टाकलेली असते, आणि एवढ्या वर्षांत ती तुंबून, खचून, झाडांच्या मुळांनी फुटलेली असते. पाण्याची जोडणी कुठून येते, जलवाहिनी किती जुनी आहे, पावसाळी गटाराचा उतार कुठल्या मोठ्या नाल्याकडे आहे, हे सगळं परवानाधारक प्लंबरकडून एका नकाशावर उतरवून घ्या. मलनिःसारण, पर्जन्य जलवाहिन्या आणि जलकामे ही तीन वेगळी खाती आहेत. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं घ्यावं लागतं, आणि एकाने होकार दिल्याने दुसऱ्याचा मिळत नाही. जुन्या वाहिन्या बदलायच्या असतील तर आत्ताच बदला. वर काँक्रीट पडल्यावर सहा महिन्यांत पाण्यासाठी पुन्हा फोडलेला रस्ता मुंबईत कोणी पाहिला नाही?

दिव्यांसाठी तुमच्या भागातल्या वीज कंपनीकडे जा. शहर भागात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. सध्या खांबांचं बिल सोसायटीच्या मीटरवर येत असेल, तर पुढे ते कसं वळवायचं हे तेव्हाच विचारून ठेवा.

कामाचा काळ ऑक्टोबर ते मे. मेच्या मध्यानंतर खोदाई हाती घेऊ नका. ऑक्टोबरात काम सुरू व्हायचं असेल तर ठराव आणि वर्गणी पावसाळ्यातच उरकायला हवी. वर्गणी कशी वाटायची हे निविदेच्या आधी ठरवा. रस्त्याला लागून असलेल्या लांबीप्रमाणे वाटली तर कोपऱ्यावरच्या लहान इमारतीवर अन्याय होतो. सदनिकांच्या संख्येप्रमाणे वाटणी लोकांना जास्त पटते. आमदार किंवा नगरसेवक निधीतून करून देतो म्हणाले तर आनंदाने घ्या, पण वॉर्डने लिहून दिलेल्या मापानेच काम करून घ्या. निधीतून झालेल्या कामाने मालकी आपोआप बदलत नाही.

अर्ज लिहिताना

अर्ज आयुक्तांच्या नावे, वॉर्डच्या सहायक आयुक्तांमार्फत, विषयातच कलम ३०६ चा उल्लेख करून. सोबत मालमत्ता पत्रकं, मोजणी नकाशा, लेआऊट आणि अटींचं पत्र, मालकाची संमती, सगळे ठराव, महसुलाची पावती, खात्यांची पत्रं आणि पूर्ण झालेल्या कामाचे फोटो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

भाषेची एक काळजी घ्या. रस्ता किती धोकादायक आहे, किती दुर्घटना होतील, असं रंगवून लिहायचा मोह होतो. कलम ३०५ प्रमाणे खासगी रस्ता नीट नसेल तर आयुक्त लगतच्या मालमत्ताधारकांनाच तो दुरुस्त करायची नोटीस काढू शकतात, आणि त्यांनी केलं नाही तर काम करून खर्च त्यांच्याकडून वसूल करता येतो. तुमची तक्रार तुमच्याच दारावर नोटीस होऊन येऊ नये. रस्ता तयार आहे, तो ताब्यात घ्यावा, इतकंच लिहा.

मग पाहणीच्या फेऱ्या होतील. पाहणीला संयुक्त समितीतलं एक तरी माणूस हजर ठेवा आणि अभियंत्याने काढलेली प्रत्येक त्रुटी त्याच दिवशी पत्राने कळवून दुरुस्त करा. शेवटी रस्त्यावर नोटीस लागेल, तेव्हा तिचा तारखेसह फोटो काढा. महिन्याची मुदत तिथून मोजायची आहे.

मुदत हरकतीविना गेली की वॉर्डकडून रस्ता सार्वजनिक झाल्याचं लेखी पत्र मागा आणि तो परिरक्षणाच्या यादीत चढला का ते तपासा. त्यानंतर खड्डा पडला तर पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार करताना या पत्राचा क्रमांक द्या. दिव्यांचं बिल वळवा. नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून मालमत्ता पत्रकावर फेरफार नोंदवून घ्या. ती नोंद राहिली तर वीस वर्षांनी मूळ मालकाचा एखादा नातू पत्रक दाखवून पट्टीवर हक्क सांगायला येतो, आणि तेव्हाच्या कमिटीला हे सगळे कागद पुन्हा शोधत बसावं लागतं.